दोन स्ट्राँगबॉय

मंगळवारी सकाळी आठ वाजून अठरा मिनिटांनी लेन हेपलने सिमेंटच्या मालाची दुसरी बादली भरली आणि दोन्ही हातांनी उचलून ती मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात नेली. घराचं पाणी प्लंबरने बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे माल कालवायला लागणारं पाणी त्याने शेजारच्या चौदा नंबरमधून, मिसेस इल्डर्टनच्या मोरीतून, चार खेपा घालून आणलं होतं. घर होतं गेट्सहेडमधल्या हॅथर्ली स्ट्रीटवर, सोळा नंबर. विटांच्या एका लांबलचक ओळीतलं, दोन्ही बाजूंच्या घरांना भिंत लावून उभं. स्वयंपाकघराची मागची भिंत तीन मीटर रुंद फोडायची आणि वर लोखंडी तुळई टाकायची, असं काम होतं. तुळई घेऊन येणारा ट्रक अकराला यायचा होता.

हेपल चोपन्न वर्षांचा आणि कामाला लागून त्याला एकोणीस दिवस झाले होते. त्याआधी सव्वीस वर्षं तो लिफाफे बनवणाऱ्या कारखान्यात होता. डिंक नीट लागलाय की नाही, कडा सरळ कापली जातेय की नाही, हे पाहायचं त्याचं काम. कारखाना बंद पडला. रोजगार कार्यालयातल्या बाईंनी अकरा महिने त्याचे अर्ज पाहिले आणि शेवटी बांधकामावर बिगारी म्हणून जायची तयारी आहे का, असं विचारलं. त्याने हो म्हटलं. मालक नील किर्टली, वय अडतीस. त्याने पहिल्याच दिवशी व्हॅनमध्ये बसता बसता सांगून टाकलं होतं की वीस दिवस बघतो. विसाव्या दिवशी हो किंवा नाही, मध्ये काही विचारायचं नाही. विसावा दिवस उद्या होता.

हेपलला ही नोकरी हवी होती आणि ती हवी असण्यात त्याच्यापुरतं गुंतागुंतीचं काही नव्हतं. सकाळी उठून कुठेतरी जायला हवं होतं, आणि तिथे कोणी उशीर का झाला असं विचारायला हवं होतं. बायको ॲव्ह्रिल वृद्धाश्रमात कामाला जायची. ती निघून गेल्यावर घरात जी शांतता व्हायची, तिच्यात त्याने अकरा महिने काढले होते.

कामावर माणसं तीनच. किर्टली, हेपल आणि गवंडी डगी मॉर्ड्यू. मॉर्ड्यू एकसष्ट वर्षांचा, विटेच्या कामात त्रेचाळीस वर्षं. हेपलला तो बाळा म्हणायचा. पहिल्या दिवशी मॉर्ड्यूने हेपलने कालवलेली अख्खी बादली मागच्या बोळात ओतून दिली होती. "बाळा, हा माल आहे का सूप? आणि सूप असेल तर पाव कुठाय?" नंतर त्यानेच फावडं हातात घेऊन दाखवलं होतं, की थापीवरून माल घसरला पाहिजे पण सांडता कामा नये. दोन्ही गोष्टी त्याच एका माणसाने केल्या, हे हेपलने घरी सांगितलं तेव्हा ॲव्ह्रिलला त्यातली दुसरी फारशी ऐकू आली नाही.

नव्या बिगाऱ्याला भलतंसलतं आणायला पाठवायची या धंद्यातली रीत जुनी आहे. कोणी ती शोधली नाही आणि कोणी ती बंदही करत नाही. सोळा वर्षांच्या पोराला पाठवतात तेव्हा पोर दोन दिवस लाल होतं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर हसतं. चोपन्न वर्षांच्या माणसाला पाठवलं तर काय होतं, याचा विचार किर्टलीने केला नव्हता आणि करायचं त्याला कारणही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात हेपलला बांधकाम सामानाच्या दुकानात पाठवलं, लाँग स्टँड आण म्हणून. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावली, थांबा म्हणाला आणि आत गेला. हेपल पन्नास मिनिटं उभा राहिला. मागे गिऱ्हाइकं येत होती, सामान घेऊन जात होती, जाताना त्याच्याकडे बघत होती. शेवटी काउंटरवरचा माणूस म्हणाला, झालं ना तुमचं लाँग स्टँड, किती वेळ उभं राहायचंय अजून? दुसऱ्या आठवड्यात पाणसळीच्या नळीतला बुडबुडा वाळलाय, नवा घेऊन ये, असं सांगितलं. त्या वेळी तो दुकानाच्या दारापर्यंत जाऊन स्वतःच परत आला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर भागलं असतं.

गेल्या शुक्रवारी किर्टली म्हणाला, चौदा नंबर आणि सोळा नंबर यांच्यामध्ये जी सामाईक भिंत आहे, तिची किल्ली शेजारच्या बाईकडे असते, ती मागून आण. हेपलला हे खरं वाटलं, कारण त्या भिंतीसंबंधी काही कागद शेजारणीकडून सही करून घेतले होते हे त्याला माहीत होतं. कागद असतात तर किल्लीही असेल. मिसेस इल्डर्टन ऐंशी पार केलेल्या. त्यांनाही खरंच वाटलं. त्यांनी टेबलाचे तिन्ही खण उपसले, जिन्याखालचं कपाट उघडलं, खुर्चीवर चढू लागल्या तेव्हा हेपलने त्यांना धरलं आणि स्वतः वर चढला. तासाभराने त्या एक गंजकी किल्ली घेऊन आल्या. "ही आमच्या ह्यांच्या अवजारांच्या खोलीची आहे रे बाबा. खोली पाडून नऊ वर्षं झाली. पण भिंत पण त्यांनीच रंगवली होती, तर लागेल कदाचित." हेपल ती किल्ली घेऊन परत आला. मॉर्ड्यू खाली बसला इतका हसला. किर्टलीने किल्ली हातात घेऊन भिंतीला टेकवली आणि कान लावून ऐकल्यासारखं केलं.

हेपलने किल्ली परत नेऊन दिली. लागली का, असं म्हातारीने विचारलं. लागली, असं तो म्हणाला.

त्या शनिवारी ॲव्ह्रिलने त्याला सांगितलं की ही माणसं रडणाऱ्याला सोडत नाहीत आणि चिडणाऱ्याला तर अजिबात नाही. "एकदा तू आधी हसव. पुढच्या वेळी काही आणायला सांगितलं ना, तर जाऊच नकोस. जरा वेळ फिरून ये आणि तूच एक फेकून दे तोंडावर. मग बघ." हेपलने त्यावर दोन दिवस विचार केला. चौथ्या वेळी आपण जायचं नाही, एवढं त्याचं ठरलं.

मंगळवारी सव्वानऊला मॉर्ड्यूने तुळईच्या दोन टोकांखालचे खांब रचून संपवले. आता भिंत फोडायची. वरची भिंत आधी टेकूंवर घ्यायची आणि मग खालच्या विटा काढायच्या, असा क्रम असतो. टेकू म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारा लोखंडी खांब. पण नुसता खांब विटांच्या भिंतीला धरू शकत नाही. त्याच्या डोक्यावर लोखंडाचा एक चपटा हात बसवावा लागतो; तो हात विटांमधल्या सांध्यात शिरतो आणि वरचं वजन पेलतो. या हाताला इंग्लंडमधले गवंडी स्ट्राँगबॉय म्हणतात. तीन मीटरच्या फोडीला पाच लागतात. व्हॅनमध्ये तीन निघाले.

किर्टलीला तुळईखाली ठेवायचे दगड आणायला जायचं होतं. तो निघता निघता हेपलला म्हणाला की दोन गल्ल्या सोडून आपलं जे गॅरेज आहे तिथून दोन स्ट्राँगबॉय घेऊन ये, आणि किल्ली त्याच्याकडे फेकली. हेपल किल्लीकडे पाहत राहिला. मागची किल्ली त्याला आठवली असणार. तरीही तो गेला असता, कारण किर्टली घाईत होता आणि घाईतला माणूस सहसा थट्टा करत नाही.

पण मॉर्ड्यू पायऱ्यांवर चहा पीत बसला होता, आणि त्याला राहवलं नाही.

"सांभाळून आण रे बाळा. डावीकडचा चावतो."

किर्टली हसला आणि व्हॅनमध्ये बसला. हेपललाही हसू आलं. दोन बलदंड पोरं गॅरेजमध्ये बांधून ठेवलीयत आणि आपण त्यांना हाताला धरून आणायचं, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. लाँग स्टँडपेक्षा हे बरंच बरं जमलंय, असं त्याला वाटलं.

तो मागच्या दाराने बोळात गेला, वळणाशी कचऱ्याचे डबे ठेवायच्या जागेपाशी थांबला आणि घड्याळ लावून तेरा मिनिटं उभा राहिला. गॅरेज तिथून चार मिनिटांवर होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. तेरा मिनिटांत त्याने काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून पाहिलं.

परत आला तेव्हा मॉर्ड्यूने पहिला टेकू उभा केला होता. त्याने मागे न बघता विचारलं, मिळाले का?

"नाहीत तिथं," हेपल म्हणाला. "दोघंही जेवायला गेलेत."

मॉर्ड्यू वळला. मग तो हसला. किल्लीच्या दिवशी हसला होता तसा नाही. हातातली थापी खाली ठेवून, हेपलच्या खांद्यावर हात टाकून हसला. एकोणीस दिवसांत त्याने हेपलला पहिल्यांदा हात लावला. "आला रे आला. माणसांत आला आमचा लेन." बाळा म्हणाला नाही.

दोघांनी एकच वाक्य दोन अर्थांनी घेतलं होतं. हेपलला वाटलं, थट्टा ओळखली म्हणून शाबासकी मिळाली. मॉर्ड्यूला वाटलं, स्ट्राँगबॉय गॅरेजमध्ये नाहीत आणि बिगाऱ्याने ती बातमी गमतीत सांगितली. किर्टली सामान एका कामावरून दुसऱ्या कामावर नेतो आणि विसरतो, हे मॉर्ड्यूने नऊ वर्षं पाहिलं होतं. फोन करावा असं त्याच्या मनात आलं का, हे कळायला मार्ग नाही. त्याने केला नाही. ट्रक अकराला येणार होता आणि ट्रकवाला अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाही. तीन टेकूंवर आपण याआधीही भिंत धरलीय, असं तो मोठ्याने म्हणाला. ते खरं होतं.

पुढचा पाऊण तास हेपलसाठी या कामावरचा सर्वांत चांगला गेला. मॉर्ड्यूने त्याला सांध्यातला चुना छन्नीने कसा काढायचा ते दाखवलं. चपटा हात सांध्यात सरकवून टेकू फिरवत वर चढवला आणि हेपलला म्हणाला, हात लाव, वजन आलेलं कळतं का बघ. हेपलने लोखंडाला तळवा लावला. बारीक थरथर लागली. या चपट्या हाताला काय म्हणतात, हे त्याने विचारलं नाही. मॉर्ड्यूनेही सांगितलं नाही. त्याच्या हिशेबी ते सांगायची गरज नव्हती. मध्ये त्याने आपली बेकन घातलेली स्टॉटी मोडून अर्धी हेपलला दिली. पावाचा तो जाड, वातड तुकडा हेपलने उभ्या उभ्या खाल्ला. आजवर त्याला डब्यातलं कोणी दिलं नव्हतं. मॉर्ड्यू बोलत होता. त्याच्याकडच्या पहिल्या बिगाऱ्याला त्याने पट्टेपट्टेवाला रंग आणायला पाठवलं होतं आणि तो पोरगा दोन डबे घेऊन आला, एक लाल आणि एक पांढरा, म्हणाला, पट्टे तुम्ही मारा. हेपलला हसता हसता खोकला आला. उद्या हो म्हणणार, असं त्याला त्या वेळी वाटलं, आणि ते चूकही नव्हतं.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी मॉर्ड्यूने डाव्या टोकाकडची, टेकूपासून सर्वांत लांबची वीट काढली. वरच्या नऊ थरांचा त्रिकोण सुटून खाली आला. आवाज फार मोठा झाला नाही. मॉर्ड्यूचा उजवा हात खालच्या थरावर टेकलेला होता आणि तो तिथेच राहिला.

हेपलने विटा उपसल्या. त्याने रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, पत्ता नीट सांगितला, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मिसेस इल्डर्टन टॉवेल घेऊन आल्या. मॉर्ड्यू ओरडला नाही. तो पाठ भिंतीला टेकवून बसला होता, हात टॉवेलमध्ये होता आणि तोंडावर विटांची धूळ बसली होती. तो शुद्धीत होता आणि त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"कुठं ठेवलेत रे त्याने ते? तू सगळीकडे बघितलंस ना?"

हेपल त्याच्यापुढे उकिडवा बसला होता. स्ट्राँगबॉय ही खरीच वस्तू असावी, ही शंका त्याला विटा उपसतानाच आली होती. आता शंका उरली नाही.

"बघितलं," तो म्हणाला. "नव्हते."

मॉर्ड्यूने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला.

रुग्णवाहिका दहा एक्केचाळीसला आली. किर्टली त्यानंतर नऊ मिनिटांनी. त्याने आधी भिंत पाहिली, मग टेकू मोजले आणि मग दार लागत असलेल्या रुग्णवाहिकेत डोकावून मॉर्ड्यूशी दोन शब्द बोलला. तुळईचा ट्रक वेळेवर आला. ट्रकवाल्याने तुळई अंगणात उतरवली, कागदावर सही घेतली आणि रस्त्यात थांबलेल्या गाड्यांना शिव्या देत निघून गेला.

मग किर्टली म्हणाला, चल. दोघं गॅरेजपर्यंत चालत गेले. किल्ली हेपलच्या खिशात होती, ती त्याने काढून दिली. किर्टलीने दार वर सरकवलं. डाव्या हाताला, दारामागच्याच खिळ्यांवर, दोन लोखंडी हात लटकत होते. कोणी आत आलं असतं तर ते डोक्याला लागले असते. किर्टलीने एक काढून हेपलच्या हातात दिला. वजन दोन विटांएवढं असेल. रंग पिवळा, काही ठिकाणी उडालेला. सकाळी हेपलने ज्याला तळवा लावला होता, तसाच.

किर्टलीने शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं, असं हेपलने नंतर स्वतःशी म्हटलं. किर्टली सिमेंटच्या पोत्यावर बसला आणि त्याने तू गेलाच नव्हतास, असं सांगितलं, विचारलं नाही. हेपल म्हणाला, थट्टा वाटली. आपण तीनदा काय काय केलं होतं, ते किर्टलीला आठवत असावं; निदान हेपलला तसं वाटलं. पण किर्टली उठला, दोन्ही स्ट्राँगबॉय घेऊन दोघं घरापाशी परत आले आणि त्याने व्हॅनमधून फाइल काढली.

फाइलमध्ये एक छापील तक्ता होता. नव्या माणसाला कामावरची साधनं दाखवली, त्यांचा उपयोग समजावला, असं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली नव्या माणसाची सही असते. तो पहिल्या दिवशी भरायचा असतो. हेपलचा तक्ता कोरा होता. किर्टलीने व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवला, वीसही ओळींपुढे खुणा केल्या आणि तारीख टाकली, चार आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची. चौदाव्या ओळीत स्ट्राँगबॉय होता.

"चौकशीला माणूस येणार," किर्टली म्हणाला. "आला तर पहिला हा कागद मागतो. हा नसेल तर माझं दुकान बंद, आणि मग तुला ठेवायला दुकानच नाही. असेल तर तुझा विसावा दिवस आजच झाला असं समज."

हेपलला वाचता येत होतं. सव्वीस वर्षं तो छापील कडा तपासत आला होता. या सहीचा अर्थ त्याला कळला. स्ट्राँगबॉय म्हणजे काय हे आपल्याला माहीत होतं, आपल्याला आणायला पाठवलं होतं आणि आपण नाहीत म्हणून सांगितलं, एवढं त्या एका सहीने पक्कं होत होतं. थट्टा, काउंटर, किल्ली, डावीकडचा चावतो, यातलं काही कुठल्याच ओळीत नव्हतं. त्याने किर्टलीला विचारलं की डगीला हे दाखवणार का.

"कोणी विचारलं तर," किर्टली म्हणाला. "तू नीट काम केलंस तर कशाला कोण विचारेल?"

हेपलने सही केली. हात स्वच्छ नव्हते, म्हणून कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा डाग पडला. किर्टलीने तो शर्टाच्या बाहीने पुसला आणि कागद फाइलमध्ये ठेवला. मग दोघांनी मिळून भिंतीला पाचही टेकू लावले. स्ट्राँगबॉय कसा बसवायचा, हे किर्टलीने त्याला समजावून सांगितलं. नीट, सावकाश, एकेक पायरी सांगत. हेपलला ते सकाळीच येत होतं.

साडेतीनला मॉर्ड्यूच्या बायकोचा फोन आला. किर्टलीने बाहेर जाऊन घेतला. आत येऊन त्याने सांगितलं की अंगठा गेला, त्याच्या शेजारचं बोटही गेलं, बाकीची राहतील. पुढे म्हणाला की बायको विचारत होती, लेनला काही लागलं नाही ना. डगी सारखा त्याचीच चौकशी करतोय.

हेपलने चहाच्या सुट्टीत ॲव्ह्रिलला फोन केला. आज कामावर अपघात झाला, मला काही झालेलं नाही, आणि मला ठेवून घेतलं, असं त्याने या क्रमाने सांगितलं. तिने आधी अपघाताबद्दल विचारलं आणि मग ठेवून घेतल्याबद्दल. मी म्हटलं होतं ना, ती म्हणाली, एकदा हसवलंस की संपतं. हेपल हो म्हणाला.

पाच वाजता किर्टलीने दिवे बंद केले. पडलेल्या भिंतीच्या विटा आणि चुना स्वयंपाकघराच्या फरशीवर तसाच होता, साधारण पाऊण टन. राडारोड्याची रिकामी पेटी घराच्या दाराशी रस्त्यावर उभी होती. पेटी उचलणारी गाडी बुधवारी सकाळी साडेआठला येते आणि भरलेली असो वा अर्धी, घेऊन जाते. म्हणून उद्या काम पावणेआठऐवजी सातला सुरू होईल, आणि विटा हेपल एकटाच भरेल.